सगळं दिसलं होतं : १९२७ ची उडती बोट, सिंगापूर आणि आपली पंचगंगा

(पोस्ट जरा मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.)

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर आमचा नेहमीचा कट्टा जमला होता. विषय निघाला सी-प्लेनचा. राज्यात कुठल्या कुठल्या धरणांवर सी-प्लेन उतरणार याच्या याद्या पेपरात येत असतात. धोम, पवना, गंगापूर वगैरे. त्यात कोल्हापूरचं नाव नाही म्हणून एका मित्राचा जीव खालीवर झाला. "आपल्याकडं पाण्याला काय तोटा हाय व्हय? राधानगरी हाय, काळम्मावाडी हाय, आणि ह्यो काय समोर रंकाळा!" दुसरा म्हणाला, "रंकाळ्यात उतरलं तर जलपर्णीत अडकून बसंल." हशा झाला. मग तिसऱ्यानं विचारलं, "पण ही पाण्यावर उतरणारी इमानं आत्ताच निघाल्यात न्हवं?"

इथं मला राहवलं नाही. म्हटलं, गड्यांनो, शंभर वर्षं होत आली. मुंबईच्या बंदरात अशी चार विमानं आली तेव्हा जुहूचा विमानतळसुद्धा नव्हता. पुढचा तासभर मी बोलत होतो आणि चहा गार होत होता. तेच आता इथं नीट लिहितोय. कारण गोष्ट विमानाची असली तरी मला तिच्यातून जे सांगायचंय ते आपल्याबद्दलचं आहे.

आधी एक फरक सांगतो. साध्या विमानाला चाकांच्या जागी दोन तराफे लावले की ते पाण्यावर तरंगतं. हे एक. दुसरी जात म्हणजे फ्लाइंग बोट, उडती बोट. हिच्यात विमानाचं पोटच नावेच्या तळासारखं बांधलेलं असतं. पंख वर, इंजिनंही उंचावर, आणि खाली खरीखुरी बोट. धावपट्टी लागत नाही. शांत खाडी, बंदर, मोठा तलाव मिळाला की झालं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्य जगभर पसरलेलं, आणि विमानतळ मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण बंदरं? ती सगळीकडं. म्हणून समुद्रावर नजर ठेवायला त्यांनी उडत्या बोटीच निवडल्या.

त्यातली एक प्रसिद्ध बोट म्हणजे सुपरमरीन साउदॅम्प्टन. १० मार्च १९२५ रोजी तिचं पहिलं उड्डाण झालं. एकावर एक असे दोन पंख, टोकापासून टोकापर्यंत ७५ फूट. पाचशे घोड्यांच्या ताकदीची दोन नेपियर लायन इंजिनं. पाच माणसांचे कर्मचारी. वेग म्हणाल तर जास्तीत जास्त ताशी दीडशे किलोमीटर, म्हणजे आज आपल्या पुणे-बेंगळुरू हायवेवर रात्रीच्या वेळी काही बहाद्दर कार पळवतात तेवढाच! पायलटच्या डोक्यावर छप्पर नाही. ऊन, पाऊस, वारा सगळं अंगावर. बोटीच्या पोटात मात्र झोळ्या टांगून झोपायची आणि काहीतरी शिजवून खायची सोय. काम लढायचं कमी, बघायचं जास्त. समुद्रावर तासन् तास फिरायचं, कुणाची जहाजं कुठं आहेत, किती आहेत, कुठं निघालीत ते बघायचं आणि कळवायचं. लष्करी भाषेत टेहळणी.

हिचा आराखडा केला होता रेजिनाल्ड मिचेल या इंजिनियरनं. नाव ओळखीचं वाटलं? दुसऱ्या महायुद्धात गाजलेलं स्पिटफायर विमान याच माणसाचं. स्पिटफायर सगळ्यांना माहीत आहे, त्याआधीची ही संथ, दांडगी बोट फार कुणाला माहीत नाही.

सुरुवातीच्या साउदॅम्प्टनचा तळ लाकडी होता. लाकडाचा त्रास काय, तर ते पाणी पितं. एकेका बोटीचा तळ सुमारे १८० किलो पाणी शोषून घ्यायचा. म्हणजे दोन-अडीच माणसांचं वजन फुकट वाहायचं. मग त्यांनी तळ ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे हलक्या मिश्रधातूचा केला. लाकडापेक्षा तो हलका आणि पाणीही पीत नाही, त्यामुळं एकूण चारशे किलोच्या वर वजन वाचलं. तेवढं इंधन जास्त भरता आलं आणि बोट लांब जाऊ लागली. प्रश्न राहिला तो एवढाच, की हा नवा धातू उष्ण कटिबंधातल्या खाऱ्या पाण्यात, दमट हवेत टिकेल का?

ते तपासायला, आणि "आम्ही कुठंही पोहोचू शकतो" हे जगाला दाखवायला, ऑक्टोबर १९२७ मध्ये चार साउदॅम्प्टन इंग्लंडहून निघाल्या. मोहिमेचं नाव फार ईस्ट फ्लाइट. प्रमुख होते ग्रुप कॅप्टन हेन्री केव्ह-ब्राऊन-केव्ह. (होय, आडनाव असंच आहे.) भूमध्य समुद्र, इराक, इराणचं आखात करत त्या कराचीला आल्या. तिथून मुंबई, मग पश्चिम किनाऱ्यानं खाली कोलंबो, पुढं पूर्व किनाऱ्यानं वर कलकत्ता, रंगून, आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला सिंगापूर. नंतर त्यांनी ऑस्ट्रेलियाला फेरी मारली, हाँगकाँगला जाऊन आल्या. सगळं मिळून साधारण २७,००० मैल, म्हणजे ४३ हजार किलोमीटरच्या वर. सरासरी वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. चारही बोटी शेवटपर्यंत शाबूत. त्या काळाच्या मानानं हा पराक्रमच होता, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता आपल्या नजरेनं बघा. मुंबईहून कोलंबोकडं किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं म्हणजे खाली आपलं सगळं कोकण. अलिबागचा कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, सिंधुदुर्ग, वेंगुर्ला. डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीच्या अलीकडं आपण. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर राजाराम महाराज होते. गगनबावड्याचा घाट उतरला की जो समुद्र सुरू होतो, त्याच्यावर साम्राज्याचा डोळा पंख लावून फिरत होता.

आणि खाली जे किल्ले होते, ते तरी काय होते? टेहळणीच. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला, विजयदुर्ग वाढवला, तो समुद्रावर नजर राहावी म्हणून. कान्होजी आंग्र्यांच्या काळात गलबतं आणि किल्ले मिळून असा पहारा होता की इंग्रज, पोर्तुगीज कुणालाच हा किनारा मोकळा नव्हता. तो पहारा मोडला कसा? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचं आरमार जळालं. इंग्रजांच्या त्या मोहिमेत पेशव्यांची फौज त्यांच्याच बाजूनं होती. घरच्या भांडणात आपण आपलाच समुद्रावरचा डोळा फोडून घेतला. पावणेदोनशे वर्षांनी त्याच विजयदुर्गावरून उडत्या बोटी जायच्या झाल्या, तर त्यांना विचारणारं कोण उरलं होतं?

पण इंग्रज फार शहाणे होते असंही नाही. पुढची गोष्ट त्यांच्या मूर्खपणाची आहे.

या बोटी सिंगापूरलाच का गेल्या? कारण इंग्रजांना पूर्वेला भीती होती ती जपानची. जपानशी असलेला मैत्रीचा करार त्यांनी १९२३ मध्ये संपू दिला आणि सिंगापूरला अवाढव्य आरमारी तळ बांधायला घेतला. आरमार युरोपात राहणार, गरज पडली की इकडं येणार. मग तोवर शत्रू येतोय का हे बघणार कोण? उडत्या बोटी. म्हणून त्या चार साउदॅम्प्टन परत इंग्लंडला गेल्याच नाहीत. सिंगापूरच्या सेलेटार तळावर राहिल्या आणि जानेवारी १९२९ मध्ये त्यांचंच २०५ स्क्वाड्रन झालं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गंमत अशी, की ज्या जपानवर नजर ठेवायची, त्याच्या नौदलाला विमानं उडवायला शिकवलं कुणी? इंग्रजांनीच. १९२१ मध्ये सेम्पिल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली तीसेक प्रशिक्षकांचं पथक जपानला गेलं होतं. विमानवाहू जहाजावर कसं उतरायचं, पाणतीर विमानातून कसा सोडायचा, सगळं शिकवलं. वर धंदाही झाला. साउदॅम्प्टन जातीची एक बोट जपानलाही विकली! आपल्याकडं म्हणतात ना, दिला हात आणि गेला मनगटासकट, तसलीच गत.

वर्षं गेली. साउदॅम्प्टन म्हाताऱ्या झाल्या. १९३५ च्या सुमारास २०५ स्क्वाड्रनला शॉर्ट सिंगापूर जातीच्या उडत्या बोटी मिळाल्या, १९४१ मध्ये अमेरिकन कॅटलिना आल्या. यंत्रं सुधारत गेली, काम तेच. बघायचं आणि कळवायचं.

६ डिसेंबर १९४१. दुपार. ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या एका हडसन विमानाला दक्षिण चीन समुद्रात जपानी ताफा दिसला. लढाऊ जहाजं, आणि सैनिक भरलेली वाहतूक जहाजं. बातमी सिंगापूरला पोहोचली. म्हणजे ज्या एका क्षणासाठी वीस वर्षं तळ बांधला, बोटी आणल्या, तो क्षण आला होता. शत्रू दिसला होता!

झालं काय? वरचे साहेब विचार करत बसले. ताफा मलायाकडं येतोय की सयामच्या आखातात बँकॉककडं वळणार? पुढं होऊन सयामचे किनारे आधीच ताब्यात घ्यायची योजना तयार होती. तिचं नाव मॅटाडोर. पण सयाम तटस्थ देश. आपण आधी घुसलो आणि जपानी आलेच नाहीत तर? सरसेनापती ब्रुक-पॉपम यांनी हुकूम दिला नाही. आधी खात्री करा म्हणाले. खात्री करायला कॅटलिना पाठवल्या, त्या आपल्या २०५ स्क्वाड्रनच्या. ७ डिसेंबरला सकाळी त्यातली एक जपानी विमानांनी पाडली. आतली आठही माणसं गेली. तिचा निरोप आलाच नाही. जपानविरुद्धच्या युद्धात दोस्तांचे हे पहिले बळी, पर्ल हार्बरच्याही आधीचे. मध्यरात्र उलटली आणि मलायाच्या कोटा भारू किनाऱ्यावर जपानी उतरू लागले.

मॅटाडोरचा हुकूम शेवटपर्यंत सुटला नाही. १० तारखेला प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही दोन मोठी जहाजं बुडाली. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. त्यात हजारो भारतीय जवान कैद झाले. त्यांच्यातूनच पुढं आझाद हिंद सेना उभी राहिली, तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मॅटाडोर राबवली असती तर सिंगापूर वाचलंच असतं असं मी म्हणत नाही, बाकीच्या चुकाही डोंगराएवढ्या होत्या. पण एक गोष्ट नक्की. डोळा चुकला नव्हता. डोळ्यानं बघितलं होतं, कळवलं होतं. ऐकणारा कचरला.

दोनच महिन्यांत याच्या उलट घडलं. ४ एप्रिल १९४२. कॅनडाच्या हवाई दलातले लेनर्ड बर्चल कॅटलिना घेऊन श्रीलंकेच्या आग्नेयेला गस्त घालत होते. त्यांना क्षितिजावर जपानी आरमार दिसलं, विमानवाहू जहाजांसकट. त्यांनी निरोप पाठवला, आणि लगेच त्यांची बोट पाडली गेली. ते आणि वाचलेले साथीदार युद्धकैदी झाले. पण निरोप पोहोचला होता, आणि या वेळी ऐकला गेला. कोलंबो बंदरातली शक्य तेवढी जहाजं रातोरात बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी हल्ला झाला तेव्हा बंदर बरंचसं रिकामं होतं. नुकसान झालंच. समुद्रात दोन क्रूझर बुडाल्या, काही दिवसांनी हर्मिस हे विमानवाहू जहाजही गेलं. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले. पण कोलंबो बेसावध सापडलं नाही. बर्चल यांना पुढं "सिलोनचा तारणहार" म्हणू लागले.

दोन्ही वेळेला उडत्या बोटी, दोन्ही वेळेला समुद्र, दोन्ही वेळेला माणसांनी जीव धोक्यात घालून बघितलं. फरक पडला तो निरोप पोहोचल्यावर खाली काय झालं त्यात.

इथवर आल्यावर कट्ट्यावरचा मित्र म्हणाला, "हे झालं साहेबांचं. आपल्याला काय त्याचं?"

आपल्याला लई आहे. १९९३ आठवा. रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली, आणि १२ मार्चला मुंबई हादरली. माल कोकणच्या किनाऱ्यावरून गेला, आणि ज्यांनी डोळे उघडे ठेवायचे त्या कस्टम आणि पोलीस खात्यातल्याच काही जणांना न्यायालयानं दोषी ठरवलं. तिथं डोळाच विकला गेला होता. मग २००८. कुबेर नावाची मासेमारी बोट ताब्यात घेऊन दहा जण आले. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो असे इशारे आधी मिळाले होते. रबरी बोटीतून पोरं उतरली ती बधवार पार्कजवळच्या कोळीवाड्यापाशी, आणि तिथल्या लोकांनी त्यांना बघितलं, हटकलंसुद्धा. म्हणजे तिथंही दिसलं होतं. सह्याद्रीपलीकडच्या त्या किनाऱ्यावर शेवटचा पहारेकरी कोण निघाला? जाळं विणणारा माणूस.

त्यानंतर बरंच झालं. किनाऱ्यावर रडारची साखळी आली. गावोगावच्या मच्छीमारांना धरून सागर सुरक्षा दलं झाली. नौदलाकडं पी-८आय ही टेहळणी विमानं आहेत, गोव्याच्या हंसा तळावरही असतात. साउदॅम्प्टनला जे आठवड्यात दिसायचं ते यांना एका फेरीत दिसतं. चांगलंच आहे. पण सिंगापूरची गोष्ट वाचल्यापासून मला एकच धास्ती वाटते. यंत्र विकत आणता येतं. निरोप आल्यावर उठून उभं राहायची सवय कुठून विकत आणायची?

हे दुसऱ्याला सांगायचा मला अधिकार नाही, हेही कबूल करतो. कारण २०१९ चा ऑगस्ट.

राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असते. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. त्या आठवड्यात दर तासाला मोबाईलवर आकडा येत होता. शाहूपुरीत आमच्या जवळच्या नात्यातलं घर आहे. मी स्वतः आकडा बघत होतो, पुढं पाठवत होतो, वर "काळजी घ्या" म्हणून हात जोडलेलं चित्रही टाकत होतो. घरात म्हातारी आत्या. "२००५ ला आपल्या दारापर्यंत आलं न्हवतं, आता काय येतंय," असं ती म्हणाली, आणि मी मान डोलावली. सामान माळ्यावर टाकायला, तिला आमच्याकडं आणायला एक अख्खा दिवस हातात होता. त्या दिवशी मी चहा पीत आकडे मोजत बसलो. रात्री पाणी आलं. पहाटे तिला दोरीच्या आधारानं बोटीत घातली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती. पिशवीत औषधं आणि माझ्या आजोबांचा फोटो. बाकीचं घर आठ दिवस पाण्यात. आत्या वाचली, पण ती त्या घरात परत राहायला गेलीच नाही.

आकडा चुकीचा नव्हता. निरोप वेळेत आला होता. माझ्याच हातात होता तो, मोबाईलमध्ये. मी ब्रुक-पॉपमसारखा खात्री करत बसलो.

म्हणून सी-प्लेनचं म्हणाल तर येऊ दे की. राधानगरीत उतरू दे, आपण सगळे सेल्फी काढायला जाऊ. पण पुढच्या पावसाळ्यात आकडा ३९ ला टेकला की तो नुसता पुढं पाठवू नका. सुतारवाड्यात, शाहूपुरीत, दुधाळीत, चिखली-आंबेवाडीत तुमचं कोण आहे त्याला फोन लावा, आणि "बघू उद्या" म्हणाला तर गाडी काढून आणायला जा. मी यंदा जूनमध्येच चार घरांची यादी करून फ्रिजवर चिकटवणार आहे. तुम्हीही करा.

आणि हो, कोकणातल्या मित्रांनो, तुमच्या घरात आजोबा-पणजोबांकडून समुद्रावर बघितलेल्या विमानांच्या, युद्धाच्या काळातल्या बोटींच्या काही आठवणी आल्या असतील तर जरूर लिहा. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या मंडळींनी तर लिहाच.